पावातलं बाळ कुणाच्या वाटणीचं

मादेराच्या बाजूला, कॅलिफोर्निया
४ फेब्रुवारी

प्रिय ओतिलियाताई,

तुझ्या लिंदाचा नमस्कार, आणि आईच्या उजव्या हाताला माझ्या वतीने ओठ लाव. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, मका कसा झाला, आणि आपली तांबडी शेळी व्यायली का, हे तिन्ही कळव. मागच्या पत्रात तू गुडघ्याचं पानभर लिहिलंस आणि शेळीला अधांतरी ठेवलंस. इथे ग्वादालूपेच्या मातेच्या कृपेने आम्ही तिघं ठीक आहोत. बदामाच्या बागेत धूळ नसते तेव्हा फिदेन्सिओचा खोकला थांबतो, म्हणजे सध्या थांबलेला आहे. यारेत्सी सतरा वर्षांची झाली आणि तिला माझं सगळंच चुकीचं वाटतं, यावरून तिची तब्येत उत्तम आहे असं समज.

हे पत्र आर्काडिओच्या हाती पाठवते आहे (कोपऱ्यावरचा टायरवाला, त्याचे कागद पक्के आहेत, तो वाटेल तेव्हा जातो आणि वाटेल तेव्हा येतो, आणि तरी म्हणतो गावी करमत नाही). फोनवर सांगितलं असतं, पण रविवारी फोनला आई शेजारी असते, आणि तिला ऐकू यावं म्हणून तू आवाज इतका मोठा करतेस की माझी खुशाली अख्ख्या गल्लीला कळते. तेव्हा हे तू एकटीने वाच. कागदाच्या मागे इंग्रजीत छापलेलं आहे तिकडे लक्ष देऊ नकोस. ती दोन पत्रं मला आलेली आहेत, कशी आली ते पुढे येईलच. कागद जाड होता, एक बाजू पूर्ण कोरी होती, ती वाया घालवणं मला जमलं नाही.

दर रविवारी आई जे विचारते तेच तूही मागच्या पत्राच्या शेवटी विचारलंस, की कायदा झाला का. म्हणजे आमच्यासारख्या बिनकागदाच्या माणसांना कागद मिळतील, आणि मला एकदा घरी येऊन पुन्हा इकडे परतता येईल, तो कायदा. (आज निघाले तर तिकडे येताना मला कुणी अडवणार नाही. परतताना दार बंद. इकडे नवरा आणि लेक, तिकडे एक्याण्णव वर्षांची आई. तेवीस वर्षं मी त्या उंबऱ्यावर उभी आहे, आणि उंबऱ्यावर उभं राहू नये असं लहानपणी आईनेच सांगितलं होतं.) आईला तर आता कायदा म्हणजे कुणी गृहस्थ वाटतो. तो निघालेला आहे, वाटेत त्याची बस बिघडली आहे. त्याला कुठे जेवायला मिळालं असेल का, असं तिने परवा विचारलं. मी म्हटलं, हो आई, मिळालं असेल.

तुला माझी सवय माहीत आहे, मी शाळा पुरी केली ती वहीच्या जोरावर. कायद्यासाठी मी वेगळी वही घातली आहे. डावीकडचा रकाना हत्तीवाल्यांचा, उजवीकडचा गाढववाल्यांचा. (इथल्या दोन पक्षांच्या या निशाण्या त्यांनी स्वतःच मिरवलेल्या आहेत, मी कुणाला नावं ठेवत नाही.) गाढववाले म्हणाले, आम्ही कायदा आणला होता, हत्तीवाल्यांनी पाडला. लिहिलं. हत्तीवाले म्हणाले, आम्ही फक्त आधी सीमा बंद करा म्हणत होतो, गाढववाल्यांना प्रश्न सोडवायचाच नाही, लोंबकळत ठेवायचा आहे. लिहिलं. मग सरकार बदललं, वाक्यंही बदलली, तीच वाक्यं समोरच्या रकान्यात गेली. तेवीस वर्षांत दोन्ही रकाने शेवटच्या ओळीपर्यंत सारखे भरले. दोन्ही बाजू जुळल्या की हिशोब बरोबर, असं आपल्या बाईंनी शिकवलं होतं. माझा हिशोब अगदी बरोबर आहे ताई, फक्त हातात काही उरत नाही.

आता झालं काय ते ऐक. हिवाळ्यात या खोऱ्यात धुकं जमिनीतून उठतं. आकाशातून उतरत नाही, जमिनीतूनच, दूध वर यावं तसं. बदामाची झाडं, तारांचे खांब, समोरचं घर, सगळं त्यात विरघळतं, आणि हात लांब केला तर आपलीच बोटं दुसऱ्या कुणाची वाटतात. मला हे दिवस फार आवडतात. (धुक्यात कागद कोण मागणार? मागणाराच दिसत नाही.) नाताळ झाल्यावर एकदा पिठाची पिशवी काखेत घेऊन मी चर्चमधून पायी घरी येत होते. जपमाळेचा तिसरा फेरा चालला होता. मला अगदी खरोखर वाटलं, की असंच चालत राहिलं तर पुढच्या वळणावर आपल्या अंगणातलं लिंबाचं झाड लागेल, त्याखाली आई घेवडा सोलत बसली असेल, आणि वर न बघताच म्हणेल, पाय पूस. मी वळणापर्यंत चपलेला लागलेला चिखलसुद्धा झटकला. वळणावर आर्काडिओचं दुकान लागलं. पण तेवढ्या चालण्यात मला एक युक्ती सुचली होती, आणि ती वरूनच आली असं मी धरलं.

तीन राजांच्या सणाचा गोल पाव यंदा चर्चसाठी मी भाजणार होते. आता ज्याच्या तुकड्यात ते बोटभर प्लास्टिकचं बाळ निघतं त्याने महिन्याभराने मेणबत्त्यांच्या सणाला सगळ्यांना मक्याच्या सालीत वाफवलेले तमालेस खाऊ घालायचे आणि घरच्या बाळ येशूचा धर्मबाप व्हायचं, हे आपल्यात पाळण्यातल्या पोरालाही माहीत. पण लोक तमालेसना भितात (इलारिओमामा आठव, बाळ गालात धरून त्याने दोन तास दाढ दुखते म्हणून सांगितलं होतं) आणि त्यातली सोयरीक विसरतात. माझा डोळा सोयरिकीवर होता. बाळ येशू आमच्या देव्हाऱ्यातला, तेव्हा त्याचा धर्मबाप झाला तो आमचा कोम्पाद्रे, म्हणजे घरचा सोयरा झाला. आणि कोम्पाद्रे शब्द मोडतो का? फिदेन्सिओच्या कोम्पाद्रेने एकदा त्याच्यासाठी मध्यरात्री ट्रॅक्टर आणला होता, कशाला ते न विचारता. तसाच वॉशिंग्टनच्या खासदाराचा माणूस एकदा घरचा झाला, की कायदा किती दिवस लांब राहणार, असा माझा विचार.

फादर बेनिग्नो फिलिपिन्सचे, स्वभावाने लोणी. त्यांनी सणाला दोघांना बोलावलं होतं. आमचा खासदार हत्तीवाला, त्याच्या कचेरीतले रासमुसेन साहेब; आणि येत्या निवडणुकीत त्या खासदाराला घरी बसवायला निघालेल्या गाढववाल्यांच्या पिअर्सनबाई. दोघांना शेजारी शेजारी बसवायचं, म्हणजे प्रेम वाढेल, हे फादरांचं मत. एवढ्या मोठ्या पावात तीन-चार बाळं घालायची पद्धत आहे. मी एकच घातलं. मागच्या वर्षीचं, धुऊन ठेवलेलं, अगदी नव्यासारखं होतं. ते कुठे आहे हे कळावं म्हणून वर हिरव्या अंजिराची फोड लावली आणि ती फोड बरोबर रासमुसेन साहेबांच्या समोर येईल असं ताट मांडलं, कारण सध्या खुर्ची त्यांच्याकडे. मग फादरांनी कॉफीचं भांडं ठेवायला जागा हवी म्हणून ताट जरासं फिरवलं. जरासंच, ताई. तेवढ्यावर सगळं गेलं.

हॉलच्या खिडक्यांना बाहेरून धुकं चिकटलं होतं. आत एकशेचाळीस माणसं, दालचिनीचा वास, मुलांची कुजबूज, जणू आपण सगळे एका जहाजात बसून कुठेतरी चाललो आहोत आणि किनारा पहाटेपर्यंत येईल. रासमुसेन साहेबांनी सुरी घातली. ती अडली. त्यांनी ती हळूच आपल्या बाजूला ओढून तुकडा कापून घेतला, अगदी इलारिओमामासारखं, कुणी न शिकवता. मग पिअर्सनबाईंनी घातली. अडली. त्यांनीही ती आपल्या बाजूला ओढली. दोघांचे तुकडे निघाले, आणि मध्ये पावाची एक बारीकशी पट्टी उभी राहिली, त्यात आपलं बाळ आडवं. डोकं साहेबांकडे, पाय बाईंकडे.

सोकोरोआजीने (वय शहाऐंशी, कान बहिरे, त्यामुळे आवाज मोकळा) दोघांना रीत सांगितली आणि यारेत्सीने तिचं इंग्रजी केलं. एकशेचाळीस माणसांना तमालेस, हा आकडा ऐकून दोघांनी एकदम कॉफी प्यायली. मग साहेब फार नम्रपणे म्हणाले, "बाळाचे पाय बाईंकडे आहेत. म्हणजे ते त्यांच्या बाजूने आत आलं."

बाई त्याहून नम्र. "डोकं साहेबांकडे आहे. म्हणजे ते त्यांच्याकडे निघालं होतं. यांनीच अडवलं."

"आम्हाला तमालेस द्यायचेच आहेत," साहेब म्हणाले. "पण आधी दाराशी माणूस बसवा. कोण आत येतं ते मोजा. मग तमालेस."

"आम्ही सगळ्यांना सरसकट देणार होतो," बाई म्हणाल्या. "यांनी पीठ अडवलं."

"पीठ कुठंय?" सोकोरोआजीने विचारलं. "दाखवा मला, मी मळते. माझी बोटं काय शोभेची आहेत?"

पीठ कुणी आणलंच नव्हतं. फादर मध्ये पडले. सत्तर माणसांचं साहेबांनी करावं, सत्तरांचं बाईंनी. यावर दोघंही तत्त्वतः तयार झाले. (यारेत्सी म्हणते, तत्त्वतः म्हणजे नाही, पण हसून.) अडलं ते पुढे. बाईंनी मक्याच्या साली भिजत घातल्या की साहेब पीठ आणणार होते, आणि साहेबांचं पीठ दिसलं की बाई साली भिजत घालणार होत्या. फिदेन्सिओ माझ्या कानात म्हणाला, बागेत असं केलं तर मुकादम जेवणाच्या सुट्टीआधी घरी पाठवेल. शेवटी एक समिती नेमली, तिच्यात साहेब आणि बाई हेच दोघं. ती वाटेला लागली आणि बाळ ताटात राहिलं. मी ते रुमालात बांधून घरी आणलं.

घरी आल्यावर यारेत्सी बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाली, "दोन बाळं घातली असतीस तर दोघंही कोम्पाद्रे झाले असते. एका प्लास्टिकच्या बाळाची काटकसर केलीस आणि अख्खा कायदा घालवलास, आई." मी तिला म्हटलं, मोठ्यांशी असं बोलू नये. पण ताई, त्या रात्रीची प्रार्थना मला नीट म्हणता आली नाही. पोरीचं म्हणणं बरोबर होतं, आणि बरोबर म्हणणं फार टोचतं.

दोन आठवड्यांनी दोन्ही कचेऱ्यांची पत्रं एकाच दिवशी आली. तू आत्ता ज्यांच्या पाठीवर वाचते आहेस तीच. यारेत्सीने दोन्ही वाचून दाखवली. आमच्या बाजूने तमालेसची पूर्ण तयारी आहे, दुर्दैवाने समोरच्या बाजूला मनापासून इच्छा नाही, तरी आपण धीर धरावा. नावाची जागा सोडली तर शब्दाला शब्द. आधी वाटलं एकानेच दोघांना लिहून दिली की काय. मग वाटलं, निदान एका गोष्टीवर तरी त्यांचं एकमत आहे, की धीर मी धरावा.

त्याच दुपारी इस्त्री करता करता माझा डोळा लागला. (इस्त्री बंद केली होती, घाबरू नकोस.) स्वप्नात मी वॉशिंग्टनला गेले. ते पांढऱ्या घुमटाचं घर आतून मोठ्ठं स्वयंपाकघर निघालं. मधोमध चुलीवर विहिरीएवढं भांडं, आणि भोवती कोट घातलेली पाचशे माणसं, प्रत्येकाच्या हातात एकेक झाकण. खाली जाळ नव्हता. आधी त्यांनी काडी ओढावी, असं सगळे एकमेकांकडे झाकणं दाखवून सांगत होते, पण आवाज येत नव्हता, नुसती वाफ येत होती, आणि जाळ नसताना वाफ कुठून येते हे मला स्वप्नातही कळेना. आई एका कोपऱ्यात ठेंगण्या स्टुलावर बसली होती. तिने मला ओळखलं. म्हणाली, इतक्या लांब आलीस तर जरा टेक. मी टेकले. आम्ही दोघी त्या वाफेकडे बघत राहिलो आणि मला अगदी बरं वाटत होतं. मग फिदेन्सिओने सदरा मागितला.

समितीकडून मेणबत्त्यांच्या सणापर्यंत काही आलं नाही. एकशेचाळीस माणसं तर जेवायची होती. तेव्हा दर वर्षी जे होतं तेच झालं, आम्ही बायकांनीच साली भिजवल्या, आम्हीच पीठ मळलं, आणि सोकोरोआजीने सगळ्यांची मिठावरून खरडपट्टी काढली. परवा हॉलमध्ये वाफ इतकी झाली की आतलं धुकं आणि बाहेरचं धुकं यांत एका काचेचाच फरक उरला. आणि ऐक, दोघंही आले. साहेब फोटोवाला घेऊन आले, बाई दुसरा फोटोवाला घेऊन. साहेबांनी लाल मिरचीचे सहा तमालेस खाल्ले, बाईंनी हिरव्या मिरचीचे पाच आणि एक रुमालात. समोरच्यांनी अडथळे आणूनसुद्धा हे जेवण पार पडलं, असं दोघांनी आपापल्या फोटोवाल्याला सांगितलं. मग आमच्या देव्हाऱ्यातलं बाळ पुढे ठेवून फादरांनी विचारलं, याचे धर्मबाप-धर्माई कोण? दोघं एकदम उठले, दोघांनी एकेक हात लावून बाळाला उचललं, दोन्ही बाजूंनी फोटो निघाले. चर्चची वही सहीसाठी पुढे केली तेव्हा साहेबांनी लेखणी बाईंना दिली, आधी आपण. बाईंनी साहेबांना, छे, आपणच. लेखणी चार वेळा इकडून तिकडे गेली. पाचव्या वेळी ती वहीवर नुसती आडवी ठेवलेली होती आणि खुर्च्या रिकाम्या होत्या. सोकोरोआजी म्हणाली, "माझ्या लग्नात नवरा असाच सहीच्या वेळी पळाला होता. पण तो निदान जेवला नव्हता."

तर यंदा आमच्या बाळाला कुणी धर्मबाप नाही. मी त्याला नवा झगा घालून परत देव्हाऱ्यात बसवलं आहे. तरी ताई, तू निराश होऊ नकोस. जाता जाता साहेब यारेत्सीला म्हणाले की निवडणूक झाली की यांचं कामच पहिलं, आणि बाईही तेच म्हणाल्या. बदामाच्या फांद्यांवर कळ्या फुगल्या आहेत, पंधरा दिवसांत सगळं खोरं पांढरं होईल, आणि इतकं पांढरं झाल्यावर काहीतरी चांगलं होणारच असं दर वर्षी वाटतं. मी कदाचित पुढच्या इस्टरपर्यंत तिकडे असेन. माझी गादी उन्हात घालून ठेव. आईला माझे मुके, तुला आलिंगन, शेळीचं कळव.

तुझी
हर्मेलिंदा

ता.क. आर्काडिओजवळ डबा दिला आहे, त्यात बाळ येशूचा तुमच्याकडचा झगा आहे. आमच्या झग्याच्या उरलेल्या कापडात बसला, म्हणून बाह्या आखूड आहेत. डबा चांगल्या झाकणाचा आहे, परत पाठव.

ता.क. २. वरचं पत्र काल लिहिलं. आज सकाळी रेडिओवर दोघांचं पुन्हा तेच ऐकलं, निवडणूक झाल्यावर. मी वही उघडली, आणि दोन्ही रकान्यांत जागा नाही म्हणून मिटली. नवी घातलेली नाही. गादी उन्हात घालू नकोस ताई, तुझ्या गुडघ्याला उगीच त्रास.

ता.क. ३. हे मी सुरुवातीलाच लिहिणार होते, पण हात दुसरीकडेच गेला. तू लिहिलंस की आई हल्ली तुला लिंदा म्हणून हाक मारते, आणि दिवसातून दहादा तुला तिला दुरुस्त करावं लागतं. करू नकोस. ओ दे. तेवीस वर्षं सगळं तूच केलंस आणि आता नावही माझं, तुला वाईट वाटणारच, त्याची मी तुझी क्षमा मागते. (खोटं बोलण्याचं मी फादरांना विचारलं. ते बराच वेळ खोकले आणि त्यांनी माझ्यावर तीन प्रार्थना घातल्या. मी सहा म्हणून ठेवल्या आहेत, तीन तुझ्या खाती.) कायदा झाला का, असं तिने विचारलं तर झाला म्हण, दोन्हीकडच्यांनी मिळून केला म्हण, तिला ते आवडेल. आणि मी होशील तेव्हा इतकी कडक बोलू नकोस, मी कधी तशी नव्हते. तिची वेणी सैल घाल, मी सैलच घालत असे. मग ती विचारेल, किती दिवस राहणार आहेस. तर आता जाणार नाही, असं सांग.